काळ्या मातीतली जिप्सी थरच्या रेतीत न्यायची तर: तयारीच्या नोंदी

५ ऑक्टोबर

सोयाबीन निघून घरात आलं. कापसाची पहिली वेचणी दिवाळीनंतर. या मधल्या दिवसांत गाडीचं काम हाती घेतलं नाही तर डिसेंबर गाठता येणार नाही, म्हणून आजपासून वही सुरू करतो आहे. पुढे आमच्या तालुक्यातल्या कुणाला असंच निघायचं असेल तर ही त्याच्या उपयोगी पडावी.

बेत असा: वरोऱ्याहून वर्धा, अमरावती, परतवाडा, धारणी, खंडवा, इंदूर, रतलाम, चित्तोडगड, जोधपूर, पोखरण, जैसलमेर. तिथून पश्चिमेला सम आणि खुरी या वाळूच्या टेकड्यांच्या गावांकडे, मग वर रामगड-तनोटकडचा पट्टा. गाड्या दोन. माझी जिप्सी, १३०० सीसी पेट्रोल, आणि यवतमाळच्या भाऊजींची डिझेल थार. माणसं चार. रेतीत एकट्या गाडीने जायचं नाही ही पहिली अट. भाऊजींनी होकार दिला तेव्हाच मी घरी विषय काढला.

डिसेंबरचा शेवट धरला कारण तेव्हा दुसरी वेचणी उरकलेली असते आणि तूर उभी असते. तिकडेही हेच दिवस बरे. दिवसा चोवीस-पंचवीस डिग्री, रात्री सात-आठपर्यंत खाली. थंडीच्या पहाटे रेती जरा घट्ट असते, दुपारी तापली की भुसभुशीत होते.

एक ओढ आणखी आहे, माळढोकाची. वरोरा-भद्रावतीच्या माळांवर, ज्वारीच्या शेतांच्या कडेने हा पक्षी होता. आमच्या काकाजींनी तो पाहिला आहे. आता सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. तिथे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. काकाजी ऐंशीला टेकले, त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही. मी पाहून येतो म्हणून सांगितलं आहे.

१३ ऑक्टोबर

गाडी मिस्त्रींकडे. पुढच्या एक्सलचं तेल काढलं तर दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. पावसाळाभर शेतात जाताना नाला ओलांडावा लागतो. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (एक्सलची हवा खेळती ठेवणाऱ्या छिद्रातून) पाणी आत ओढून घेते. चार चाकं लावून रेतीत जोर द्यायचा असेल तर असं तेल गिअरांचे दात खाऊन टाकेल. दोन्ही एक्सल धुऊन नवीन ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरलं. ब्रीदरना रबरी नळी जोडून तोंडं बोनेटखाली उंच नेली. पुढच्या चाकांच्या गोळ्यावरचे सील बदलले. तिथून ग्रीस बाहेर येत होतं आणि जिथून ग्रीस बाहेर येतं तिथून बारीक रेतीही आत जाते. ग्रीसमध्ये रेती मिसळली की बेअरिंग घासायची पेस्टच तयार होते.

मागच्या कमानीचा एक पाटा चिरलेला सापडला, तो बदलला. मिस्त्री म्हणाले, "दोन पाटे वाढवून देऊ का? सामान लय हाय म्हणता ना."

नको म्हटलं. पाटे वाढवले की आपण सामानही वाढवतो. चिखलात गाडी चालवणाऱ्या आम्हा लोकांना गाडी दणकट करायची सवय आहे: जाड पाटे, लोखंडी बंपर, मोठ्या बटणांचे टायर. काळ्या मातीत ते चालतं, कारण हात-दीड हात खाली कुठेतरी मुरूम लागतो आणि चाक तिथवर पोचलं की पकड मिळते. वाळवंटातल्या रेतीला तसा तळ नाही. तिथे गाडीने वरच तरंगायला हवं. म्हणजे वजन कमी आणि टायरचा पसारा मोठा. पुढची सगळी तयारी या एका हिशेबाने करायची असं मी मनाशी पक्कं केलं आहे.

लोखंडी क्रॅश गार्डचा विषय यातच मिटला. तसंही २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने ते बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं आहे.

१८ ऑक्टोबर

रेडिएटर उघडून साफ केला. वरचा-खालचा होज आणि फॅन बेल्ट नवे टाकले, जुने चालणारे होते ते स्पेअर म्हणून ठेवले. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. चंद्रपूरचा मे महिना या गाडीने बरेचदा काढला आहे, तेव्हा डिसेंबरातल्या जैसलमेरच्या उन्हाची मला चिंता नाही. चिंता वेगळी आहे. मऊ रेतीत इंजिन जोरात फिरतं आणि गाडी मात्र हळू चालते, त्यामुळे समोरून वारा मिळत नाही. अशा वेळी वारा वाहतो आहे त्याच दिशेने आपण जात असलो तर काटा लवकर चढतो. थांबायचं तेव्हा गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं.

एअर फिल्टर दोन घेतले. कागदी फिल्टर झटकताना हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते.

२ नोव्हेंबर

दिवाळीत काम थांबलं होतं. आज टायर आले.

शेतातले बटन टायर काढून ठेवले. तेच घेऊन जा असं गावात सगळे सांगत होते, "फोर बाय फोर म्हणजे बटनच पायजे." पण ती मोठी बटणं रेती उकरतात. गाडी पुढे सरकायच्या ऐवजी स्वतःसाठी खड्डा खणते. ऑल-टेरेन घेतले, मापाने मूळ टायरच्या जवळचे. बाजूची भिंत उंच आहे, हे मला हवं होतं, कारण हवा उतरवली की ती भिंतच दबून टायरला पसरू देते.

९ नोव्हेंबर

आजचा प्रयोग सगळ्यांनी करून पाहावा असा आहे. ओसरीसमोरच्या फरशीवर रद्दी पेपर अंथरला, मागच्या डाव्या टायरला गेरू फासला आणि जॅकवरून चाक हळूच पेपरावर टेकवलं. गाडीत सामानाच्या वजनाइतकी खताची पोती ठेवली होती.

२६ पौंड हवेला गेरूचा ठसा १५ सेंटीमीटर लांब उमटला. १८ पौंडाला १९, १५ ला २१. रुंदीत फरक थोडाच. म्हणजे हवा उतरवली की टायर आडवा फुगतो असं जे आपण समजतो ते तितकंसं खरं नाही, तो मुख्यतः लांबीत पसरतो. वजन तेवढंच, पण ते मोठ्या जागेवर वाटलं जातं.

आकडे ठरवले. डांबरी रस्त्यावर २६, कच्च्या दगडी वाटेवर २०, रेतीत १५, फसलोच तर १२. दहाच्या खाली जायचं नाही, कारण वळताना टायर रिमवरून निसटतो. १५ वर असताना सावकाश चालायचं, स्टेअरिंग झटक्याने फिरवायचं नाही. आणि डांबरीला लागण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेचा टायर वेगात सारखा दबत-उठत तापतो आणि त्याची भिंत फाटते.

बारा व्होल्टचा कंप्रेसर घेतला आहे. तो सिगारेट लायटरच्या खाचेला लावायचा नाही, फ्यूज उडतो. थेट बॅटरीला क्लिप लावायच्या आणि इंजिन चालू ठेवायचं. मीटरवाला गेजही वेगळा घेतला. टायर पाहून हवा सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण १५ आणि १२ मधला फरक डोळ्याला दिसत नाही.

१५ नोव्हेंबर

वर्धा नदीवर गेलो. पाणी उतरलं आहे आणि ट्रॅक्टरच्या वाटेने कोरड्या रेतीच्या पट्ट्यावर जाता येतं. भाऊजीही थार घेऊन आले.

आधी २६ वरच घातली, मुद्दाम. चार चाकं लावूनही पन्नास-साठ पावलांत वेग मेला आणि मागची चाकं बसली. घाटावर एक ट्रॅक्टरवाले दादा उभे होते. ते ओरडले, "भाऊ, आता रेस नोका करू! जेवढी रेस कराल तेवढी थे खाली जाईल." सगळ्या शिकवणीचा गाभा या वाक्यात आहे. उतरलो, चारही चाकांची हवा १५ वर आणली, चाकांपुढची रेती हाताने बाजूला केली आणि आपल्याच चाकोरीतून रिव्हर्स घेतला. फावडं लागलं नाही, दोरी लागली नाही. गाडी निघाली.

मग तासभर १५ वर फिरवली. जे समजलं ते असं. रेतीत शिरायच्या आधीच चार चाकं आणि लो गिअर लावून घ्यायचा, आत गेल्यावर नाही. जिप्सीचं इंजिन लहान, म्हणून फोर-लोमधला दुसरा-तिसरा गिअर आणि एकसारखी रेस. मध्येच गिअर बदलला की तेवढ्या क्षणात वेग जातो. थांबताना ब्रेक मारायचा नाही. ब्रेकने चाकांपुढे रेतीचा बांध तयार होतो आणि तोच पुढे निघताना आडवा येतो. पाय काढायचा, गाडी आपोआप थांबते. थांबायची जागा उताराकडे तोंड करून. स्टेअरिंग पूर्ण वळवून फोर-लोमध्ये जोर द्यायचा नाही, पुढच्या एक्सलचा जॉइंट तुटतो.

थार जड आहे पण तिला ताकद आहे. ती जिथून खेचून निघाली तिथून माझी जिप्सी अलगद निघाली. उलट एका चढावर थार चढली आणि माझी दोनदा मागे आली. दोघांनी एकमेकांची वाट धरायची नाही, आपापल्या गाडीच्या स्वभावाने जायचं, एवढं ठरवून घेतलं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायचा आहे. नदीची रेती जाड आणि खडबडीत, दाणे एकमेकांत अडकतात. वाळवंटातली रेती वाऱ्याने घासून गोल आणि बारीक झालेली असते, दाबली तरी सरकते. शिवाय टेकडीची वाऱ्याआडची बाजू ३२ ते ३४ अंशांच्या उताराची असते, दाणे स्वतःच्या तोलाने जेवढे उभे राहू शकतात तेवढी. त्या बाजूने वर जाता येत नाही, खाली उतरता येतं आणि तेही नाकासमोर. तिरकं गेलं की गाडी उलटते. माथ्यावर पोचायच्या आधी एकाने पायी जाऊन पलीकडे काय आहे ते पाहायचं.

दोरीचा सरावही केला. आमच्याकडे फसलेली गाडी साखळीने नाहीतर तारेच्या रोपाने ओढतात. तुटली तर ती तार माणूस कापते. आम्ही नऊ मीटरची नायलॉनची ताणणारी दोरी घेतली आहे. ओढणारी गाडी थोडी ढिली दोरी ठेवून निघते, दोरी ताणली जाते आणि तिच्या ताणाने फसलेली गाडी धक्का न बसता उचलली जाते. दोरी चेसिसच्या हुकालाच लावायची, बंपरला नाही, ट्रॉलीच्या गोळ्याला तर कधीच नाही. शॅकल, म्हणजे दोरी अडकवायचे लोखंडी कडे, १९ मिलिमीटरचे, ज्यावर पावणेपाच टनाचा शिक्का आहे. दोरीच्या मधोमध ओलं पोतं टाकायचं आणि दोरीच्या दुप्पट लांबीच्या आत ड्रायव्हरांशिवाय कुणी उभं राहायचं नाही.

२३ नोव्हेंबर

कापूस जिनिंगला घातला, तेव्हा तिथल्याच वजनकाट्यावर गाडी चढवली. टाकी भरलेली रिकामी जिप्सी १०७० किलो. मग घरून सगळं ठरवलेलं सामान आणि आम्ही दोघं बसून परत गेलो: १५६०.

हे जास्त आहे. आरसी बुकातल्या मर्यादेत बसतं का एवढाच प्रश्न नाही, गेरूच्या ठशाचा सगळा फायदा या वजनात बुडतो. रात्री अंगणात सामान उतरवून एकेक वस्तू हातात घेतली.

टपावरचं लोखंडी कॅरियर गेलं. टपावरचं वजन गाडी डोलवतं, रेतीच्या उतारावर तेच उलटवतं. दुसरी स्टेपनी गेली. एक स्टेपनी, पंक्चर किट, वॉल्व्हपिना आणि एक ट्यूब पुरे. फसलेल्या चाकाखाली घालायला मिस्त्रींनी प्रेमाने करून दिलेल्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या दोघांना मिळून उचलाव्या लागत होत्या, त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या दात्यांच्या घेतल्या, एक चार किलोची. मिस्त्रींना वाईट वाटलं. त्या पट्ट्या वाया जाणार नाहीत, पावसाळ्यात बांधावरच्या चिखलात त्याच लागतील. दुसरी बॅटरी गेली, खुर्च्या गेल्या, मोठा तंबू जाऊन दोन माणसांचा लहान आला. पान्यांचा पूर्ण संच न नेता गाडीला खरोखर बसणारे पाने एका कापडी गुंडाळीत बांधले.

राहिलं ते असं: क्लच केबल, अ‍ॅक्सिलेटर केबल, फॅन बेल्ट, होज आणि क्लिपा, स्पार्क प्लग, फ्यूज, पेट्रोल फिल्टर, शाफ्टचा एक क्रॉस, दोन लिटर इंजिन ऑइल, तार, टेप, एमसील. लांब दांड्याचं फावडं. जॅकखाली ठेवायला जाड प्लायवूडची फळी, नाहीतर रेतीत गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

३० नोव्हेंबर

पुन्हा काट्यावर: १४२०. जड सामान मागच्या सीटच्या जागी, तळाशी, दोन्ही एक्सलच्या मध्ये. पट्ट्याने आवळून बांधलं.

पाण्याचा हिशेब. माणशी दिवसाला सहा लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. एका वस्तीपासून दुसऱ्या वस्तीपर्यंत जास्तीत जास्त तीन दिवस धरले. चार माणसांचे ७२ लिटर, म्हणून प्रत्येक गाडीत ४०. दहा-दहा लिटरचे कॅन, एकच मोठी टाकी नाही. एक फुटला तर बाकीचे राहतात आणि एक गाडी अडली तरी दुसरीत पाणी असतं. जैसलमेरच्या पश्चिमेला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचलं आहे. पंजाबातल्या हरिकेहून निघून फीडर धरून ६४९ किलोमीटर येणारा हा कालवा पाहायची मला फार उत्सुकता आहे. आमच्या ओलिताच्या गप्पा शेवटी कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी येतं की नाही इथेच येऊन थांबतात. पण नकाशावर कालवा दिसतो म्हणून आपले कॅन कमी भरायचे नाहीत.

पेट्रोल. रस्त्यावर लिटरला अकरा देते. नदीच्या रेतीत निम्म्याहूनही खाली आली. टाकी ४० लिटरची. वर २० लिटरचा एक लोखंडी कॅन, गच्च न भरता, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल स्वतःच्या वापरासाठी बाळगता येतं, त्याच्या आत आहोत. थार डिझेलवर, म्हणजे एकमेकांना इंधन देता येणार नाही. म्हणून जैसलमेर आणि रामगड, दोन्हीकडे टाकी भरूनच पुढे.

६ डिसेंबर

खाण्याचं सगळं आई आणि वहिनींनी हातात घेतलं. जवसाची चटणी, तिळाची चटणी, भरलेल्या सांडगी मिरच्या, मुगाची डाळ, तांदूळ, बेसन, पोहे, गूळ-शेंगदाणे. ज्वारीचं पीठ आईने दोन पिशव्यांत दिलं, एक पिशवी रेतीत सांडली तर म्हणून. कांदे-वांगी पहिल्या दोन दिवसांपुरती. डबे स्टीलचे नको म्हटलं, तेव्हा वहिनींनी सगळं जाड पिशव्यांत भरून नावं लिहिली.

भाऊजींना तिथे रोडगे लावायचे होते. ते मी थांबवलं. गोवऱ्या न्यायला जागा नाही आणि तिथे लाकूड तोडायचं नाही. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी खेजडीची झाडं वाचवण्यासाठी प्राण दिले, त्या मुलखात आपण जातो आहोत. फोगाचं झुडूप रेती धरून ठेवतं, ते वाळलेलं दिसलं तरी मोडायचं नाही. लहान गॅस शेगडी नेतो आहोत, स्वयंपाक तिच्यावरच.

औषधांत ओआरएसची पाकिटं, आणि ती संपली तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. फुरसं तिथेही आहे. थंडीत कमी फिरतं, तरी बूट झटकूनच घालायचे आणि रात्री टॉर्चशिवाय पाय टाकायचा नाही. चावलं तर बांधणं-कापणं काही नाही, हात-पाय न हलवता थेट जैसलमेरचं रुग्णालय.

१४ डिसेंबर

वाटांचं ठरवलं. फोनवर नकाशे उतरवून घेतले, दोन फोनवर वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये. साधं होकायंत्रही आहे. आलो ती वाट फोनमध्ये नोंदत जायची म्हणजे परत त्याच चाकोरीने निघता येतं. सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, सीमेलगत तर विचारच नको. मनाई असलेल्या भागात जिल्हा प्रशासनाच्या परवानगीशिवाय जाणार नाही.

डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे. ते सगळं वाळूच्या टेकड्यांचं आहे असं लोकांना वाटतं, पण बराचसा भाग सेवण गवताचा आणि खडकाळ माळ आहे. माळढोक तिथेच राहतो आणि एकच अंडं उघड्या जमिनीवर घालतो. त्या गवतावरून चाक फिरलं की चाकोरी वर्षानुवर्षं राहते. तेव्हा आपला सगळा रेतीचा सराव फक्त मोकळ्या, परवानगीच्या टेकड्यांसाठी. उद्यानात वन विभाग दाखवेल त्याच वाटेवर, टायरमध्ये पूर्ण हवा भरून. भाऊजींच्या मुलाने विचारलं, "मंग फोर बाय फोर कायले नेऊन राह्यलो?" त्याला सांगितलं, गाडी कुठेही जाऊ शकते म्हणूनच ती कुठे न्यायची नाही हे आधी ठरवावं लागतं. आमच्या तालुक्यातले माळ गेले, तिथले राहावेत.

२० डिसेंबर

परवा पहाटे निघायचं. शेवटची पाहणी: चाकांचे नट, व्हील बेअरिंग, ब्रेक ऑइल, बॅटरीची टोकं, दिवे. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्सच्या प्रती दोन्ही गाड्यांत. चार चाकांचा लिव्हर लावून पाहिला, नीट लागतो. टायर २६ वर.

घरी वहिनींच्या हाती कागद दिला आहे: रोजचा मार्ग, रात्रीचा मुक्काम, दोन्ही गाड्यांचे नंबर. रोज संध्याकाळी सातपर्यंत मेसेज येईल. त्या दिवशी रेंज नसणार असेल तर तसं आदल्या दिवशीच कळवू. ठरल्याप्रमाणे मेसेज आला नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतही काही कळलं नाही, तर वहिनींनी वाट न पाहता जैसलमेरच्या पोलिसांना शेवटचं ठिकाण सांगायचं. आम्ही अडकलो तर गाडी सोडून चालत निघणार नाही, हेही त्यात लिहिलं आहे, म्हणजे शोधणाऱ्यांना कुठे पाहायचं ते कळेल.

हरभऱ्याला पाणी द्यायचं काम धाकट्याकडे. रात्रपाळीची लाइन आहे या आठवड्यात, त्याला टॉर्च आणि बूट ठेवून जातो आहे.